जुने दप्तर आणि माहितीचा अधिकार

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक धावपळ सुरू होते. मुलाला गुण चांगले असतात, राखीव जागाही असते. पण जात वैधता प्रमाणपत्र नसते. समिती जुना पुरावा मागते आणि तो सरकारी दप्तरात पडून असतो. तो कसा मिळवावा, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

प्रथम, काय शोधावे? अनुसूचित जातीच्या दाव्यात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदीला मोठे वजन असते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या कागदांवर केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद झाली. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत मान्यता दिली, तरी मूळ जात दाखवावीच लागते. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा आणि गाव नमुना नं. १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, हे दोन कागद आधी शोधावेत. जुनी नोंद मोडीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

दुसरे, कसे मागावे? आधी नकलेसाठी साधा अर्ज करावा. दाद न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा आधार घ्यावा. कलम ६ प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्रात त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याचे बंधन नाही.

अर्जात ‘माझ्यावर अन्याय का झाला?’ असे विचारू नये. कागद मागावा. गाव, शाळा, पूर्वजाचे नाव व अंदाजे वर्षे लिहून ‘या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी व मूळ नोंदवही पाहू द्यावी’ असे स्पष्ट लिहावे. अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

तिसरे, उत्तर न आल्यास काय करावे? ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास किंवा नकार आल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करावे. तेथेही न्याय न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. दोषी अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नये. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ मध्ये दिली आहेत. त्यांत हे कारण नाही. तसे असेल तर ते लेखी मागावे आणि दप्तर नष्ट केले असल्यास त्या आदेशाची प्रतही मागावी.

या सर्व पायऱ्यांना महिने लागतात. आयोगाकडे तर त्याहून अधिक काळ जातो. प्रवेशाची तारीख मात्र थांबत नाही. म्हणून मूल अकरावीत जाताच शोध सुरू करावा. एका घराला सापडलेला कागद भावकीतील इतरांनाही उपयोगी पडतो. त्याच्या प्रती जपून ठेवाव्यात.

भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे शिकवले. कार्यालयाच्या दारातही तीच शिकवण कामी येते. ऐकीव उत्तर मानू नका. नोंद स्वतः पाहा.

जयभीम!