पाठीचे दुखणे, शस्त्रक्रिया आणि तवक्कुल

गेल्या हिवाळ्यात असरच्या नमाजनंतर आमच्या जमाअतीतील एक यंत्रमाग कामगार हुजऱ्यात आले. मी बसायला सांगितले, तरी ते भिंतीला टेकून उभेच राहिले. वय अठ्ठेचाळीस. सहा वर्षांपासून कंबर दुखते. हातात एमआरआयचा मोठा लिफाफा होता. डॉक्टरांनी दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून जोडण्याचा सल्ला दिला होता. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, शरीर ही अल्लाहची अमानत आहे, त्यात धातू ठोकून घेणे म्हणजे तवक्कुल सोडणे. मुलाचे म्हणणे असे की, आता ऑपरेशन केले नाही तर अब्बा कायमचे अंथरुणाला खिळतील. पत्नीने दागिने काढून ठेवले होते. त्यांचा स्वतःचा प्रश्न मात्र तिसराच होता.

“मौलाना, दोन वर्षं झाली, कपाळ जमिनीला लागलं नाही. माझ्या नमाजा होतात का? होत नसतील तर मी ऑपरेशन करून घेतो, मग काहीही होवो.”

वाचकहो, हा प्रश्न अनेक घरांत आहे. पाठदुखीने ग्रासलेला मनुष्य शस्त्रक्रियेचा विचार करतो तेव्हा त्याच्या मनात वेदना, पैसा, रोजगार, भीती आणि दीन या सर्व गोष्टींचा गुंता झालेला असतो. त्यातून दीनचा धागा आधी सोडवून घ्यावा लागतो, कारण त्याविषयीच्या गैरसमजामुळे पुढचा सगळा निर्णय वाकडा होतो.

म्हणून नमाजविषयी आधी. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी प्रेषित (सल्ल.) यांना नमाजविषयी विचारले. उत्तराचा आशय असा की, उभे राहून अदा करा. ते जमत नसेल तर बसून, आणि तेही जमत नसेल तर कुशीवर. ही हदीस सहीह बुखारीत आहे. ज्याला रुकू आणि सजदा करणे शक्य नाही, त्याने इशाऱ्याने करावे आणि सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक झुकलेला ठेवावा. उशी किंवा पाट उचलून कपाळाला लावण्याची गरज नाही. उभे राहता येते पण झुकता येत नाही, अशा माणसाने काय करावे याचा तपशील आपापल्या इमामांकडून समजून घ्यावा. परंतु मूळ गोष्ट निश्चित आहे. खुर्चीवरची ही नमाज पूर्ण नमाज आहे. आजारी किंवा प्रवासी माणसाच्या खात्यावर तो धडधाकट आणि घरी असताना जे करीत असे तेवढेच पुण्य लिहिले जाते, असा आशय हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. तेव्हा सजदा मिळावा म्हणून पाठ कापून घेण्याची सक्ती शरीअत कोणावरही करीत नाही. हे ऐकताच त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. दोन वर्षे त्यांना हे कोणी सांगितले नव्हते आणि त्या दोन वर्षांत मी त्यांना दर जुम्याला पाहत होतो.

आता तवक्कुल. प्रेषित (सल्ल.) यांनी उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीवर अल्लाहने उपाय ठेवला असल्याचे कळवले. हजरत उबई बिन कअब (रजि.) यांच्याकडे त्यांनी वैद्य पाठवला, त्या वैद्याने नस कापली आणि डागणी दिली. म्हणजे शरीरावर शस्त्र चालवून घेणे तवक्कुलविरुद्ध असते, तर हे घडले नसते. पण यावरून प्रत्येक शस्त्रक्रिया करून घेतलीच पाहिजे, असाही अर्थ निघत नाही.

येथे ‘फतावा आलमगिरी’तील एक विवेचन फार उपयोगी पडते. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या काळात उलमांच्या मंडळाने हा ग्रंथ सिद्ध केला आणि त्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम हे आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरचे होते. त्रास दूर करणाऱ्या साधनांचे तेथे तीन दर्जे सांगितले आहेत. पहिले खात्रीचे साधन : तहानेला पाणी, भुकेला भाकर. मृत्यूचे भय असताना ते सोडणे हराम आहे आणि त्याला तवक्कुल म्हणता येत नाही. दुसरे संभाव्य साधन : वैद्यकशास्त्रातील बहुतेक उपचार या दर्जात येतात. ते करणे तवक्कुलविरुद्ध नाही, आणि न करणे गुनाह नाही. काही परिस्थितींत, काही व्यक्तींसाठी न करणे अधिक चांगलेही असू शकते. तिसरे केवळ कल्पनेवर आधारलेले साधन, ज्याच्या मागे धावू नये.

पाठीच्या शस्त्रक्रियेचा सारा प्रश्न येथे उलगडतो. “ऑपरेशन जायज आहे का?” असे विचारून भागत नाही. माझ्या दुखण्यासाठी हे ऑपरेशन कोणत्या दर्जाचे साधन आहे, असे विचारावे लागते. एकाच टेबलावर, एकाच सर्जनच्या हातून होणारी शस्त्रक्रिया एकासाठी पहिल्या दर्जाच्या जवळ असते आणि दुसऱ्यासाठी तिसऱ्याच्या.

काही दुखण्यांत थांबणे चूक आहे. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूस आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही पायांतला जोर कमी होणे ही कंबरेखालच्या नसांचा जुडगा दबल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच रात्री रुग्णालय गाठावे. एक-दोन दिवसांचा उशीरही आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. पाऊल लुळे पडत चालले असेल, चालताना चप्पल पायातून सुटत असेल, तरीही विलंब करू नये. १९९२ साली जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या सातव्या अधिवेशनात ठरले की, उपचार टाळल्याने जीव जाणार असेल, अवयव निकामी होणार असेल किंवा अपंगत्व येणार असेल, तर उपचार वाजिब आहे. ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी व्हावी. दाटीवाटीच्या आपल्या वस्त्यांत हा रोग अजून आहे. त्यावर मुख्य उपाय अनेक महिन्यांची औषधे हा असून शस्त्रक्रिया काहींनाच लागते.

मला येथे स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. इमामत सुरू करून दुसरेच वर्ष होते. एक गृहस्थ पत्नीच्या कंबरदुखीसाठी दम करून घ्यायला आले. मी पाण्यावर दम केला, सब्रवर चार शब्द बोललो आणि त्यांना परत पाठवले. त्या बहिणीला तीन दिवसांपासून लघवी कळत नव्हती. शरमेमुळे तिने पतीलाही नीट सांगितले नव्हते आणि मी काही विचारले नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण गेलेला ताबा पूर्ण परतला नाही. दम करणे सुन्नत आहे, हे मी आजही मानतो. परंतु आता कोणी पाठदुखीसाठी आला की आधी लघवी, शौच आणि पायांतला जोर यांची चौकशी करतो, मग ओठ हलवतो. भगिनींनो, याबाबतीत शरम करू नका. गरज असेल तेव्हा पुरुष डॉक्टरसमोर आवश्यक तेवढा भाग उघडण्याची सवलत फिक्हमध्ये स्पष्ट आहे.

दुसरा प्रकार गादी सरकून नस दबल्याचा. कळ कंबरेतून निघते आणि मांडी, पोटरी, पावलापर्यंत उतरते. हे दुखणे भयंकर असते, पण बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. नेदरलँड्समध्ये अशा २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र त्रास असलेल्यांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, इतरांना थांबवले. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत शंभरातील सुमारे पंचाण्णव जण बरे झाले होते. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर मिळाला, आणि थांबलेल्यांपैकी शंभरात सुमारे चाळीस जणांनी वर्षभरात शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच. हा ‘आलमगिरी’तील दुसरा दर्जा होय. ज्याची चूल रोजंदारीवर पेटते त्याने लवकर आराम निवडला तर तो दोषी नाही, आणि ज्याला थांबणे परवडते तो थांबला तरी तो हट्टी नाही. घरच्यांनी दोघांनाही टोचून बोलू नये.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळणारा. कंबर वर्षानुवर्षे दुखते, पण कळ पायात उतरत नाही, नस दबलेली नाही, मणका मोडलेला किंवा घसरलेला नाही. एमआरआयमध्ये मात्र गादी झिजलेली, थोडी फुगलेली दिसते आणि अहवाल वाचून घर हादरते. हे ध्यानात घ्यावे की, पाठ मुळीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले, तर शंभरातील सुमारे ऐंशी जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. केस पांढरे होतात तशी गादी झिजते. म्हणून चित्रात दिसते तेच दुखते, असे मानता येत नाही. अशा दुखण्यासाठी मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना नॉर्वे आणि ब्रिटनमध्ये शिस्तबद्ध व्यायाम-उपचारांशी करण्यात आली, तेव्हा शस्त्रक्रियेचा ठळक वरचढपणा दिसला नाही. स्वीडनमधील २००१ च्या अभ्यासात काही फायदा दिसला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे तुलना नेहमीच्या साध्या उपचारांशी होती. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ही शस्त्रक्रिया दुसऱ्या दर्जाच्या अगदी खालच्या पायरीवर उभी आहे. तिच्यासाठी घरातले सोने मोडणे, आणि त्याहून वाईट म्हणजे व्याजाचे कर्ज काढणे, याआधी दहादा विचार व्हावा. जीव किंवा अवयव वाचवण्याची निकड वेगळी असते. ती निकड येथे उसनी आणता येत नाही.

आता सब्रचा प्रश्न. प्रेषित (सल्ल.) यांच्याकडे एक काळ्या वर्णाची स्त्री आली. तिला फेफरे येत असे आणि त्या अवस्थेत अंगावरचे वस्त्र सरकत असे. तिने दुआची विनंती केली. प्रेषितांनी तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले : सब्र केला तर जन्नत, अथवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला आणि फक्त वस्त्र सरकू नये एवढीच दुआ मागून घेतली. ही घटना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मला या घटनेत दोन गोष्टी दिसतात. निवड तिला करू दिली गेली, आणि सब्र निवडूनही तिने त्रासाचा जो भाग कमी होण्यासारखा होता तो कमी करून घेतला. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ करून घेऊ नये. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम रोज करणे, चालणे, वजन उतरवणे, कामाच्या जागी उभे राहण्याची पद्धत बदलणे आणि तंबाखू सोडणे हे सर्व त्यात येते. सिगारेट ओढणाऱ्याची हाडे शस्त्रक्रियेनंतरही नीट जुळत नाहीत, हे सर्जन स्वतः सांगतात.

निर्णयाआधी मशवरा आणि इस्तिखारा. मशवरा घरातल्या मोठ्या आवाजाशी करायचा नसतो. जाणकाराशी करायचा असतो. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीस जबाबदार आहे, अशी हदीस आहे, आणि ती व्हॉट्सअॅपवरच्या हकिमांना व आम्हा मौलवींनाही लागू होते. पहिल्या डॉक्टरांचा अवमान न करता दुसऱ्याचे मत घ्यावे. त्यांना नेमके विचारावे : माझी नस दबली आहे काय? शस्त्रक्रियेने पायाचे दुखणे जाईल की कंबरेचे? सहा महिने न केल्यास काय बिघडेल? कायमचे काही नाही, असे उत्तर आले तर आपल्याजवळ वेळ आहे. ज्यांची ऐपत नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात करावी.

इस्तिखाराविषयी एक विचित्र समजूत रूढ आहे की, स्वप्नात हिरवे दिसले तर होकार आणि लाल दिसले तर नकार. हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखही नाही. दोन रकात नफिल अदा करावी, ती दुआ मागावी, हे काम माझ्या दीनसाठी आणि परिणामाच्या दृष्टीने भल्याचे असेल तर सोपे कर, अन्यथा दूर कर, असे मागावे आणि मग चौकशीतून जे योग्य वाटते त्या दिशेने पाऊल टाकावे. शस्त्रक्रिया ठरलीच तर देणी-घेणी आणि वसीयत लिहून ठेवावी. ती तशीही लिहिलेली असावी. पट्टी बांधलेल्या जागी वुजूत पाणी घालू नये, वरून ओला हात फिरवणे पुरते.

त्या गृहस्थांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी एमआरआय बाजूला ठेवून आधी पाय उचलून पाहिले, टाचांवर आणि चवड्यांवर चालवले. नस दबलेली नव्हती. तीन महिने व्यायाम, मग पुन्हा पाहू, असे ठरले. ते तीन महिने रमजानआधी संपले. दुखणे गेलेले नाही. पण आता ते सलग दोन तास साच्यावर उभे राहू शकतात, आणि पत्नीचे दागिने डब्यात परत गेले आहेत. त्यांची खुर्ची तिसऱ्या सफच्या टोकाला असते. थोरले भाऊ अजूनही म्हणतात की माझेच बरोबर होते. मुलगा म्हणतो, पाहू सहा महिन्यांनी. पुढील तपासणी बकरी ईदनंतर आहे.