आरोग्य धोरणातील सुधारणा आणि विविध ज्ञानशाखांचा सहयोग

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौच्या दक्षिण भागात, रायबरेलीकडे जाणाऱ्या मार्गावर तेलीबाग ही वस्ती आहे. याच मार्गावर थोडे पुढे गेल्यास संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर लागतो. १९८३ साली राज्याच्या कायद्यान्वये स्थापन झालेली ही संस्था अतिविशेष उपचारांसाठी देशभर ओळखली जाते. हाच मार्ग पुढे रायबरेली जिल्ह्यात जातो. तेथील शिवगढ या ग्रामीण विकासगटात, या शतकाच्या आरंभी, दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८४ बालके वयाचे २८ दिवसही पूर्ण करीत नव्हती. देशातील अग्रगण्य रुग्णालय जवळच्याच जिल्ह्यात असूनही ही बालके का दगावत होती?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या वैद्यकशास्त्राकडे नाही. नवजात बालकाच्या मृत्यूमागे जंतुसंसर्ग असतो, तशीच मातेची दुर्बलता, घरातील प्रथा, दळणवळणाची स्थिती, कुटुंबाचे उत्पन्न आणि शासनाचा अर्थसंकल्पही असतो. म्हणूनच आरोग्य धोरणाची सुधारणा हे अनेक ज्ञानशाखांचे संयुक्त कार्य ठरते. असे सहकार्य केव्हा फलदायी होते आणि केव्हा कागदावरच राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समित्यांची परंपरा

भारतात आरोग्य धोरणाची पायाभरणी १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने झाली. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे डॉक्टर नसून प्रशासक होते, ही बाब लक्षणीय आहे. प्रतिबंधक व उपचारात्मक सेवा एकत्रित असाव्यात, ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे असावे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यास सामाजिक आरोग्याचे प्रशिक्षण मिळून 'सामाजिक वैद्य' निर्माण व्हावा, अशा शिफारशी समितीने केल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे प्रत्यक्षात आली. सामाजिक वैद्याची कल्पना मात्र पाठ्यपुस्तकांबाहेर फारशी रुजली नाही.

आंतरविद्याशाखीय सहकार्याचा अधिक स्पष्ट प्रयत्न १९८० च्या सुमारास झाला. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद या दोन संस्थांनी मिळून एक अभ्यासगट नेमला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी त्याचे अध्यक्ष होते आणि त्यामागील प्रेरणा मुख्यतः जे. पी. नाईक यांची होती. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ख्याती पावलेले नाईक हे शिक्षणतज्ज्ञ होते, तरीही त्यांनी आरोग्याचा प्रश्न आपला मानला. या गटाचा 'सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी धोरण' हा अहवाल १९८१ साली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने प्रसिद्ध केला.

शहरी, रुग्णालयकेंद्रित आणि औषधांवर अवलंबून असलेला नमुना देशाच्या बहुसंख्य जनतेस उपयोगी नाही, असे या अहवालाचे प्रमुख प्रतिपादन होते. पोषण, शुद्ध पाणी, स्वच्छता, शिक्षण आणि विषमतेचे निवारण यांपासून आरोग्य वेगळे काढता येत नाही, अशी त्याची धारणा होती. आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत वाढवावा, अशी शिफारसही त्यात होती. १९८३ च्या पहिल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या विचारांचे प्रतिबिंब आढळते. निदान अचूक असले तरी पर्यायी व्यवस्था गावपातळीवर चालू शकते, याचा मोजून दाखविलेला पुरावा अद्याप मिळावयाचा होता.

गडचिरोलीतील पुरावा

हा पुरावा पुढे महाराष्ट्रातून मिळाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेद्वारे कार्य सुरू केले. उभयतांनी वैद्यकीय पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. रोगपरिस्थितिविज्ञान, संख्याशास्त्र आणि लोकसमजुतींचा अभ्यास यांची सांगड त्यांच्या कार्यात दिसते.

नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न त्यांनी ३९ गावांत हाती घेतला आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडली. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना 'आरोग्यदूत' ही भूमिका देण्यात आली. बालकाचे वजन करणे, त्यास ऊबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आवश्यकता भासल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. १९९३ ते १९९५ या काळात या गावांतील नवजात मृत्युदर ६२ होता. हस्तक्षेपाच्या तिसऱ्या वर्षी तो २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. ही निष्पत्ती १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

येथे एक मूलभूत तत्त्व लक्षात घ्यावे. इंजेक्शन देणे हा डॉक्टरांचा अनन्य अधिकार मानला जात असताना तो खेड्यातील स्त्रीच्या हाती सोपविणे ही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मोठी सवलत होती. ती देता आली, कारण काटेकोर नोंदी आणि तुलनागट यांमुळे सुरक्षितता व परिणाम तपासता येत होते. थोडक्यात, एका शाखेने आपला हक्क सैल केला आणि दुसऱ्या शाखेने त्याची जोखीम मोजली.

शिवगढचा अनुभव

आरंभी उल्लेखिलेल्या शिवगढमध्ये हीच समस्या निराळ्या वाटेने हाताळण्यात आली. लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या सहकार्याने हे संशोधन झाले. प्रथम कुटुंबांत जन्माच्या वेळी काय केले जाते व का केले जाते, याचा सामाजिक अभ्यास करण्यात आला. बालकास जन्मतःच स्नान घालणे, त्याचे अंग थंड पडणे आणि स्तनपानास विलंब होणे या बाबी त्यातून पुढे आल्या. त्यानंतर घरोघरी जाणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत बालकास मातेच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, प्रसूतीसमयी स्वच्छता पाळणे आणि लगेच स्तनपान सुरू करणे या गोष्टींचा प्रसार करण्यात आला.

एक लाखाहून अधिक लोकसंख्येचे क्षेत्र ३९ गावसमूहांत विभागून, हस्तक्षेप कोठे करावयाचा याची निवड यादृच्छिक पद्धतीने केली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हस्तक्षेप झालेल्या समूहांत नवजात मृत्युदर सुमारे निम्म्याने कमी आढळला. शरीराचे तापमान दाखविणारे एक साधन काही समूहांत अतिरिक्त देण्यात आले होते, परंतु त्यामुळे मृत्युदरात आणखी घट झाली नाही. कोणत्या उपायावर खर्च करू नये, हे ठरविण्यासही संशोधन साह्यभूत होते, हा त्यातील धडा होय.

गडचिरोलीत उपचार घरापर्यंत नेला गेला, तर शिवगढमध्ये घरातील वर्तनात बदल घडविला गेला. या दोन्ही ठिकाणी कुटुंबास केवळ लाभार्थी न मानता त्याचे म्हणणे ऐकले गेले.

प्रयोगाकडून धोरणाकडे

काही गावांतील यश देशव्यापी होण्यासाठी शासनाची यंत्रणा लागते. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही यंत्रणा उपलब्ध करून दिली. सर्वसाधारणपणे दर हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' कार्यकर्ती हा त्याचा कणा होता. २०११ मध्ये गृहाधारित नवजात बालक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बालकास ६ आणि घरी जन्मलेल्या बालकास ७ भेटी देते. २०१३ पासून हे अभियान शहरी भागासह राष्ट्रीय आरोग्य अभियान म्हणून ओळखले जाते.

धोरणाच्या पातळीवरील सहकार्याचे ठळक उदाहरण म्हणजे तत्कालीन नियोजन आयोगाने २०१० मध्ये नेमलेला सार्वत्रिक आरोग्य सुरक्षेसाठीचा उच्चस्तरीय तज्ज्ञ गट. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. श्रीनाथ रेड्डी त्याचे अध्यक्ष होते. त्यात डॉ. अभय बंग यांच्यासारखे क्षेत्रीय संशोधक, डॉ. एम. गोविंद राव व ए. के. शिवकुमार यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ, वित्त क्षेत्रातील नचिकेत मोर, श्रमिक महिलांच्या संघटनेतील मिराई चटर्जी आणि लखनौहून महिलांच्या आरोग्य हक्कांसाठी कार्य करणाऱ्या जशोधरा दासगुप्ता यांचा समावेश होता. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च बाराव्या योजनेअखेर स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के आणि २०२२ पर्यंत किमान ३ टक्के व्हावा, तसेच अत्यावश्यक औषधे विनामूल्य मिळावीत, अशा शिफारशी या गटाने २०११ मध्ये केल्या.

सहकार्यातील अडथळे

पहिला अडथळा निधीचा आहे. १९८१ च्या अहवालाने ६ टक्क्यांची अपेक्षा केली होती. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१० पर्यंत शासकीय खर्च २ टक्के, तर २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के भार जनतेने थेट स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या तुलनेत ही घट उल्लेखनीय आहे, तथापि गरीब कुटुंबास कर्जात लोटण्यास हा भारही पुरेसा ठरतो.

दुसरा अडथळा उत्तरदायित्वाचा. उत्तर प्रदेशात अभियानाच्या निधीच्या वापरात मोठे गैरव्यवहार झाल्याच्या आरोपांची चौकशी २०११ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आली. उत्तम योजना आखणाऱ्या गटात लेखापरीक्षक आणि लोकलेखाची पद्धत जाणणारे नसतील, तर आखणी व अंमलबजावणी यांत दरी पडते, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरा अडथळा ज्ञानशाखांच्या आपसातील उतरंडीचा. समितीत समाजशास्त्रज्ञ असतो, पण अखेरचा शब्द बहुधा वैद्यकतज्ज्ञाचा किंवा वित्त खात्याचा असतो. ज्या आशा कार्यकर्तीच्या पायपिटीवर सारी व्यवस्था उभी आहे, तिला नियमित वेतनाऐवजी मुख्यतः कामानुसार मोबदला मिळतो. तिचा अनुभव धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग आजही अरुंद आहेत.

समारोप

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार देशाचा नवजात मृत्युदर २० होता. उत्तर प्रदेशात तो २८, महाराष्ट्रात ११ आणि केरळमध्ये ४ होता. शिवगढच्या जुन्या आकड्याशी तुलना करता प्रगती निर्विवाद आहे. तथापि बालकाचे जगणे ते कोणत्या राज्यात जन्मते यावर आजही अवलंबून आहे.

विविध तज्ज्ञ एका मेजाभोवती बसले म्हणजे सहकार्य झाले, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. डॉक्टराने घराचे ऐकणे, संख्याशास्त्रज्ञाने दाव्याची परीक्षा घेणे, अर्थतज्ज्ञाने तरतूद सुचविणे, प्रशासकाने ती खेड्यापर्यंत पोहोचविणे आणि लेखापरीक्षकाने तिचा हिशेब मागणे, ही साखळी पूर्ण झाली तरच धोरण बालकाच्या पाळण्यापर्यंत पोहोचते. साखळीतील एक कडी निखळली, तर तेलीबागजवळील भव्य रुग्णालय आणि शिवगढमधील झोपडी यांतील अंतर रस्त्याने कमी होत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'आरोग्य हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नाही.' १९८१ च्या संयुक्त अहवालाच्या संदर्भात चर्चा करा.

२. गडचिरोली व शिवगढ येथील प्रयोगांतील साम्य आणि भेद स्पष्ट करा.

३. आरोग्यावरील सार्वजनिक खर्चाची उद्दिष्टे व प्रत्यक्ष स्थिती यांतील तफावतीची कारणमीमांसा करा.