दुसरा बाण

रविवारची दुपार ही आमच्या वसतिगृहात फोनची वेळ. ज्यांच्या घरून फोन येतो ती मुले संध्याकाळी मैदानावर दिसतात. ज्यांना येत नाही त्यांपैकी एखादे भिंतीकडे तोंड करून पडलेले आढळते. सहावीतला एक विद्यार्थी असाच सलग दोन रविवार पडून राहिला. तिसऱ्या रविवारी तो जेवलाही नाही. जवळ बसून विचारले, तेव्हा मनात रचलेली सारी कथा बाहेर आली. वडिलांना आता आपली आठवण येत नाही. धाकट्याला त्यांनी सोबत नेले आणि आपल्याला येथे आणून सोडले. म्हणजे आपण घरात नकोसे झालो आहोत. वडील ऊसतोडीला गेले होते. टोळीचा मुक्काम हलला होता आणि फोनचा रिचार्ज संपला होता, इतकेच घडले होते.

फोन आला नाही याचे दुःख खरे होते. ते खोटे ठरविण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांना नाही. परंतु अन्नावरची वासना उडाली ती फोन न आल्याने नव्हे. त्या न येण्याचा जो अर्थ त्याने लावला, त्याने.

संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात सल्लसुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. तेथे भगवान बुद्ध भिक्खूंपुढे प्रश्न ठेवतात : सुखद, दुःखद आणि या दोन्हींहून वेगळी अशी वेदना अज्ञ माणसालाही होते आणि आर्यश्रावकालाही होते, मग दोघांत भेद कोणता? उत्तरादाखल दृष्टान्त येतो तो बाणाचा. अज्ञ माणसाला शारीरिक वेदना झाली की तो शोक करतो, ऊर बडवतो; एक बाण लागलेला असताना जणू दुसराही लागावा, तसे त्याला होते. आर्यश्रावकालाही पहिला बाण लागतो. दुसरा लागत नाही. ‘सल्ल’ म्हणजे शल्य, बाण. मनात सल राहिला असे आपण म्हणतो, तो सल याच शब्दाचा वंशज. आपल्या आयाबायांच्या बोलण्यात हे सुत्त न वाचताही राहून गेले आहे, याचे आम्हांस नवल वाटते.

याच सुत्तातील एका वाक्याकडे सहसा लक्ष जात नाही. दुःखद वेदनेतून सुटण्याचा मार्ग म्हणून अज्ञ माणसाला इंद्रियसुखाखेरीज दुसरे काही ठाऊक नसते, असे तेथे म्हटले आहे. पालकांनी यावर थोडे थांबावे. चाचणीत गुण कमी पडले की ‘मला गणित येणारच नाही’ असे मूल स्वतःलाच सांगते आणि ते ऐकवेनासे झाले की मोबाइलमध्ये तोंड खुपसते. मोठ्यांचा मोबाइल काही वेळा गुत्त्यात असतो. आणि ‘याच्याच्याने काही व्हायचे नाही’ हे वाक्य मूल बहुधा घरीच शिकलेले असते. क्वचित वर्गातही, हे आम्ही कबूल करतो.

येथे एक धोका आहे. दुःख आपल्या विचारांतून वाढते हे खरे. पण सगळेच दुःख विचारांतून येते असे सांगणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दोष देणे. चवदार तळ्याचे पाणी नाकारले गेले, तो बाण समाजाने मारलेला होता. ‘आपली लायकीच ही’ असे पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबवले गेले, तो दुसरा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला त्या तळ्याचे पाणी प्याले आणि हजारो माणसे त्यांच्यामागून प्याली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, माणसे जखमी झाली. पहिले बाण येतच राहिले. मात्र ज्या ओंजळीत ते पाणी आले, तिच्या धन्याला आपल्या लायकीविषयीचा तो जुना सल पूर्वीसारखा बोचला असेल, असे आम्हांस वाटत नाही. दुसरा बाण उपटायचा तो पहिला मुकाट सोसण्यासाठी नव्हे. त्याच्याशी झगडायला दोन्ही हात मोकळे असावेत, म्हणून.

आम्ही मुलांना विचार थांबवायला सांगत नाही. तो सांगून थांबतही नाही. सायंकाळच्या आनापानानंतर वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारायची. डावीकडे काय घडले ते, उजवीकडे मी त्यावर काय म्हटले ते. आरंभी दोन्ही बाजूंना एकच मजकूर येतो, कारण घडलेले आणि म्हटलेले वेगळे असते हेच मुळी उमगलेले नसते. ‘मित्राने माझा अपमान केला’ हे वाक्य डावीकडचे की उजवीकडचे, यावर एकदा आठवीचा सबंध तास गेला. शेवटी ‘मित्र माझ्याशी न बोलता पुढे गेला’ एवढेच डावीकडे उरले.

त्या सहावीतल्या मुलाने चौथ्या रविवारी डावीकडे लिहिले, ‘फोन आला नाही.’ उजवीकडे दोन ओळी लिहून खोडल्या होत्या. त्यांखाली होते, ‘कारण माहीत नाही. सरांना मुकादमाचा नंबर विचारायचा.’ नंबर कार्यालयातील प्रवेश-अर्जावर होता. मंगळवारी रात्री बोलणे झाले. त्यातला बराचसा वेळ धाकट्यानेच खाल्ला.