मुधोळ पिल्लाची निवड : पैदासस्थळी काय पाहावे?

नागरहोळे अरण्यालगतच्या हुणसूर तालुक्यात राखणीसाठी मुधोळ पिल्लू घ्यावयाचे असल्यास ते पैदासस्थळी जाऊनच निवडावे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात नजरेने शिकार करते. म्हणून आई व शक्य असल्यास बाप प्रत्यक्ष पाहावा. अरुंद लांब डोके, खोल छाती व आत ओढलेले पोट ही लक्षणे प्रौढांतच स्पष्ट दिसतात.

पिल्लाच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. परंतु विक्रीपूर्वी आंघोळ घातलेली असते, तेव्हा खरी तपासणी भिंतींची. तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत कुत्र्याचे रक्त पिऊन खाली उतरतो, फटींत दडून कात टाकतो. मादी तेथेच हजारो अंडी घालते. फटींत गोचीड आढळल्यास पिल्लू घेऊ नये. त्याच्यामार्फत पसरणारा एर्लिकिया रोग प्रथम लक्षातही येत नाही. फिकट हिरड्या दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी.

आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री नियमबाह्य आहे. डिस्टेंपर व पार्व्हो लसीची नोंद मागावी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी. डिस्टेंपर रानकुत्र्यांनाही होतो. त्यामुळे अरण्याच्या कडेला हे कुत्रे मोकळे सोडू नये; कुंपण नसेल तर ही जात न घेणेच बरे.