रिवाइंडिंगच्या तारेपासून अँटेना : हॅम रेडिओचे साहित्य आणि आपले कारागीर

बीड जिल्ह्यात मोटार रिवाइंडिंगचे दुकान नाही असा बाजाराचा गाव सापडणे कठीण. विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी जळतात, आणि तांब्याची तार मोजून, वेढे मोजून त्या पुन्हा चालू करणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. वेल्डिंगवाले आहेत, केबल टीव्हीची तार ओढणारी मुले आहेत. रेडिओ-टेपची दुरुस्ती बंद पडल्यामुळे सोल्डरिंगची इस्त्री बाजूला ठेवून मोबाईलची कव्हरे विकणारे जुने मेकॅनिकही आहेत. या सर्वांच्या हातातले कौशल्य ज्या एका छंदाला लागते, त्या हॅम रेडिओची माहिती या लेखात देण्याचा आमचा विचार आहे. छंद दुसऱ्याचा असला तरी त्याचे साहित्य आपला कारागीर बनवू शकतो, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून बिनतारी संचावर इतर परवानाधारकांशी बोलणे म्हणजे हॅम रेडिओ. यालाच हौशी रेडिओ म्हणतात. प्रत्येक परवानाधारकाला एक सांकेतिक नाव मिळते. भारतात ते बहुधा व्हीयू टू किंवा व्हीयू थ्री या अक्षरांनी सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते आणि त्यांचे सांकेतिक नाव व्हीयू टू आरजी असे होते.

व्यापारी वाचकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. या संचावरून धंद्याचे बोलणे करता येत नाही. कापसाचा भाव विचारणे, मालाची ऑर्डर देणे, गाडी कुठे पोचली याची चौकशी करणे, हे सारे नियमाविरुद्ध आहे. बोलण्यातून कमाई नाही. असलीच तर ती ज्या साहित्यावर बोलले जाते ते साहित्य बनवण्यात आहे.

मग या छंदाचा समाजाला उपयोग काय? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. तो धक्का आपल्या अंबाजोगाई-केज भागातही लोकांनी अनुभवला. अशा वेळी टेलिफोनच्या तारा तुटतात, आणि एक बॅटरी व एक तार एवढ्यावर चालणारा हॅमचा संच बोलत राहतो. किल्लारीच्या वेळी हौशी रेडिओवाल्यांनी संपर्काचे काम केले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद या हॅम भगिनीने आपल्या संचावरून निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले.

आधी कागद, मग संच

आपल्याकडे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांनी हा विषय बांधून ठेवला होता. २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. कायदे बदलले तरी मूळ गोष्ट तीच आहे. संदेश पाठवणारा संच परवान्याशिवाय जवळ ठेवू नये, चालवू नये आणि विकू नये. एके काळी नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टात फी भरून परवाना घ्यावा लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ऐकण्याचे ते बंधन गेले, बोलण्याचे मात्र राहिले.

आज बाजारात स्वस्त चिनी वॉकीटॉकी सहज मिळतात आणि अनेक दुकानदारांना ती खेळणी वाटतात. हा समज महाग पडू शकतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यावरचे, कमी शक्तीचे आणि मान्यताप्राप्त संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. ज्या संचावर वाटेल ती फ्रीक्वेन्सी लावता येते, तो या सवलतीत बसत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे संच विकणाऱ्या १३ ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा दिल्या. एवढ्या मोठ्या कंपन्यांना नोटीस येते, तर बीडच्या दुकानदाराने किती जपावे? पोलिसांनी कपाटातून संच काढल्यावर 'आम्हाला ठाऊक नव्हते' हे उत्तर उपयोगी पडत नाही. ज्याच्याकडे लोक आधीच संशयाने पाहतात, त्याने तर कागद दुप्पट जपावेत. संच विकायचाच असेल तर दूरसंचार विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावी. नसेल करायची, तर संचाच्या वाटेला जाऊ नये.

अँटेना, तारा, खांब, कॉइल, जोडण्या आणि बॅटरीच्या पेट्या हे सुटे साहित्य बनवणे म्हणजे संदेश पाठवणे नव्हे. आपल्या कारागिराची जागा इथेच आहे.

हैदराबादचे उदाहरण

परदेशी संच महाग असतात, म्हणून अनेक हॅम स्वतः संच बांधतात. या बाबतीत आपल्या जुन्या राजधानीचे, हैदराबादचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. तिथले हॅम अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास 'बिटएक्स' नावाचा संच तयार केला. १४ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ वॅट देणारा हा संच भारतात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून होईल असा बेतलेला होता. कॉइलसाठी खास परदेशी कडे मिळेना, तर त्यांनी नळाचा नायलॉनचा वॉशर वापरला. त्यांनी नकाशा लपवून ठेवला नाही, सगळ्यांसाठी खुला केला. जगभरच्या हौशी लोकांनी तो संच बांधला.

पुढे २०१६ मध्ये याच घराण्यातला 'बिटएक्स ४०' तयार पट्टीच्या रूपात विक्रीस आला. त्यातल्या कॉइल गुंडाळण्याचे काम हैदराबादकडच्या स्त्रियांच्या एका गटाला मिळाले. चिमटीत मावेल अशा कड्यावर केसासारखी तार गुंडाळायची, आणि माल अमेरिका-युरोपात जायचा! काम घरबसल्या होते, यंत्र लागत नाही. लागते ती नजर आणि अचूक मोजणी.

या कामाचा पहिला धडा आमच्या रिवाइंडिंगवाल्या बंधूंसाठी इथेच देतो. कड्याच्या भोकातून तार एकदा आरपार गेली की तो एक वेढा. बाहेरून किती वेळा फिरवली ते मोजायचे नाही, आतून किती वेळा गेली ते मोजायचे. नुसती आत घातलेली तारसुद्धा एक वेढाच आहे. नवशिक्याची चूक बहुतेक इथेच होते. एक वेढा चुकला की संच भलत्याच जागी बोलतो.

अँटेनाचे गणित

आता मुख्य विषयाकडे येऊ. पूर्वी माळवदावर दोन बांबूंमध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणून रेडिओची एरियल बांधत. हॅमची सर्वांत साधी अँटेना तिचीच धाकटी बहीण आहे. तिला डायपोल म्हणतात. एक तार मधोमध तोडायची, दोन्ही तुकड्यांच्या मधल्या टोकांना केबल जोडायची, आणि बाहेरची टोके दोरीने ताणायची.

लांबीचे सूत्र सोपे आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. ही संपूर्ण तारेची लांबी. तिचे दोन सारखे भाग करावेत. तीन उदाहरणे करून पाहू.

७.१ मेगाहर्ट्झ : एकूण २०.१४ मीटर, प्रत्येक बाजू १०.०७ मीटर.
१४.२ मेगाहर्ट्झ : एकूण १०.०७ मीटर, प्रत्येक बाजू ५.०४ मीटर.
१०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एफएम : एकूण १.४३ मीटर, प्रत्येक बाजू साडेएकाहत्तर सेंटिमीटर.

तिसरी अँटेना फक्त ऐकण्याची आहे. तिला परवाना लागत नाही. डोंगरकपारीच्या गावात आकाशवाणीचे एफएम खरखरत असेल, तर ही बांधून पाहावी. हात बसवण्यासाठी आम्ही हीच सुचवतो.

पहिली, म्हणजे ७ मेगाहर्ट्झची अँटेना, भारतातल्या हॅमची रोजची गरज आहे. ती फार उंच नसली तरी चालते. कमी उंचीवरून लहरी वर आकाशात जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून छत्रीसारख्या खाली पसरतात. त्यामुळे दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत बोलता येते, आणि मध्ये बालाघाटचा डोंगर आला तरी अडत नाही.

साहित्य आणि कृती

तार १६ गेजची तांब्याची घ्यावी. २० मीटरला साधारण पावणेचारशे ग्रॅम लागते. इनॅमलची तार चालते, मात्र डाग देण्याच्या जागी इनॅमल पूर्ण खरवडावे. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तार घेतली तर लांबी दोन-तीन टक्के कमी करावी लागते.

मधला आधार पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा करावा. ताण पाइपवर यावा, सोल्डरवर येऊ नये. त्यासाठी तार भोकातून ओवून, पीळ देऊन मगच डाग द्यावा. शेवटी चिनी मातीचे किंवा पीव्हीसीचे इन्सुलेटर आणि पुढे नायलॉनची दोरी.

केबल ५० ओहमची. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये सुमारे पाव हिस्सा शक्ती वाया जाते, ते चालण्यासारखे आहे. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर लावली तर तीन-चतुर्थांश शक्ती वाटेतच संपते. तिथे जाड आरजी-२१३ घ्यावी. टीव्हीची ७५ ओहमची केबलही डायपोलला चालते, पण तिची जाळी ॲल्युमिनियमची असल्याने डाग बसत नाही, दाबून बसवायची पिनच लागते.

जागा कमी असेल तर मध्ये ३० फुटांचा एकच लोखंडी पाइप उभा करून दोन्ही तारा उताराने खाली आणाव्यात. दोन तारांमधला कोन काटकोनाहून कमी नको. टोके जमिनीपासून ८-१० फूट वर राहावीत, कारण बोलताना टोकांवर मोठा दाब असतो आणि मुलाबाळांचा हात लागता कामा नये.

तार सुरुवातीला प्रत्येक बाजूला अर्धा फूट जास्त ठेवावी आणि मोजून कापत यावे. मोजायला 'नॅनो व्हीएनए' नावाचे हातात मावणारे उपकरण मिळते. अँटेना ठरवलेल्या जागेच्या खाली जुळत असेल तर तार लांब आहे असे समजावे. ७ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर कापले की जुळणी सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकते. दोन्ही बाजू सारख्याच कापाव्यात.

दुसरा नमुना १४५ मेगाहर्ट्झचा. केबलच्या सॉकेटवर मध्ये ४९ सेंटिमीटरची उभी पितळी सळई आणि चार कोपऱ्यांना ५१-५२ सेंटिमीटरच्या चार सळया, ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. वेल्डिंगच्या दुकानातला पितळी रॉड यासाठी उत्तम.

जीव आधी

विजेच्या तारेच्या वर, खाली किंवा जवळ अँटेना बांधू नये. खांब आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही इतके अंतर हवे. मृगाच्या आधीच्या वादळात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे जातात. ढग दिसताच केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी आणि लोखंडी खांबाला अर्थिंग करावे.

धंदा किती?

खोटी आशा दाखवणे आम्हाला पटत नाही. बीड जिल्ह्यातच गिऱ्हाईक शोधाल तर दुकानाचे भाडेही सुटणार नाही. हॅम देशभर विखुरलेले आहेत. माल त्यांच्यापर्यंत कुरिअरनेच जाणार. म्हणून हे चालू धंद्याला जोडकाम म्हणूनच धरावे. मोजून कापलेला, जुळवलेला, दोरीसह तयार डायपोल हा गिऱ्हाइकाला वेळ वाचवणारा माल आहे. हे गिऱ्हाईक जाणकार असते. एक सेंटिमीटर चुकला तर त्याच्या मीटरवर दिसतो. ते आपसात रोज बोलतात, त्यामुळे चांगल्या मालाची आणि वाईट मालाचीही बातमी एका संध्याकाळी देशभर होते.

ज्यांना परवानाच घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा असते. साधा आणि मर्यादित असे दोन वर्ग आहेत. रेडिओचे तत्त्व आणि नियम हे विषय दोन्हींना असतात. अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावरून करतात. फी आणि नियम अर्जाच्या दिवशीचे पाहावेत. मार्गदर्शनासाठी हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही १९८३ पासूनची संस्था आहे, आणि अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही देशपातळीवरची संघटना आहे. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी ही परीक्षा दिली तर विज्ञानाचा पायाही पक्का होतो.

या आठवड्यात आमच्या कारागीर बंधूंनी एवढेच करावे. पावणेदोन मीटर तार, पाइपचा एक तुकडा आणि थोडी केबल घेऊन एफएमची डायपोल बांधावी आणि आवाज किती सुधारतो ते पाहावे. ती जमली की ७ मेगाहर्ट्झची बांधण्यात नवे फारसे काही नाही, तार तेवढी लांब आहे.