तेलाची पारख
इटलींतील तस्कनी प्रांतांत किआंती नांवाचा द्राक्षांचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील बागाइतदार पाहुण्यांस अर्धा दिवस मळा व तळघर दाखवितात, वाइन आणि ऑलिव्हचें तेल चाखावयास देतात व जेवूं घालतात. ही नुसती करमणूक नव्हे.

तेल चाखण्याची रीत अशी : तें निळ्या पेल्यांत घ्यावें, म्हणजे रंगानें मन फसत नाहीं. पेला झांकून हाताच्या उबेनें कोमट करावा, वास घ्यावा, मग लहान घोट घेऊन दांतांतून हवा आंत ओढावी. जिभेस कडवटपणा व घशास तिखटपणा लागणें हे गुण होत. खवट वास हा दोष होय. तोडलेलें फळ ढिगांत पडून राहिल्यास तेलास आंबूस वास येतो. अव्वल तेलांत मुक्त आम्ल शेंकडा ०.८ हून अधिक नसावें, असा नियम आहे.

जानेवारी १९८५ च्या कडाक्याच्या थंडीनें तस्कनींतील ऑलिव्हच्या बागांची मोठी हानि झाली. त्याच सालीं इटलींत शेतावर पाहुणे ठेवण्याविषयीं कायदा झाला. मात्र मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, अशी त्यांत अट होती.

आम्ही दप्तरांत एकरांचे आंकडे लिहीत आलों. मालाच्या चवीस तेथें रकाना नव्हता. परंतु गिऱ्हाइकास पारख आली तरच चांगल्या मालास चांगला दर मिळतो. आपल्या घाणीच्या शेंगदाणा तेलाची पारख गिऱ्हाइकास कोण शिकविणार, याचा बंधूंनीं विचार करावा.