पावसाळी शिबिर : परिसर-अभ्यासाचा दोन दिवसांचा पाठ

पाऊस सुरू झाला की सहल पुढे ढकलावयाची, हा आपल्या शाळांतील सर्वसाधारण प्रघात आहे. सहली निघतात त्या दिवाळीनंतर, नदीचे पात्र कोरडे पडल्यावर आणि डोंगर पिवळे झाल्यावर. परिणामी, ज्या खान्देशातील घरांचे सारे वर्ष चार महिन्यांच्या पावसावर अवलंबून असते, तेथील मूल पाऊस मात्र खिडकी लावून घेतलेल्या वर्गात, पुस्तकातून शिकते.

शिक्षकांचा संकोच निराधार आहे असे नव्हे. तीसचाळीस मुलांच्या जिवाची जबाबदारी ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच पावसाळी शिबिराचा विचार करताना दोन प्रश्न बरोबरीने सोडवावे लागतात : मुलांना पावसात न्यावयाचे कसे, आणि परत फिरावयाचे केव्हा?

पूर्वपीठिका

मुलांना घराबाहेर नेऊन शिकविण्याची ही पद्धत नवी नाही. ग्लासगो शहरातील चर्चच्या रविवारच्या शाळेचे एक शिक्षक विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये 'बॉइज ब्रिगेड' ही मुलांची संघटना स्थापन केली. १८८६ मध्ये त्यांनी आपल्या मुलांचे पहिले शिबिर स्कॉटलंडच्या समुद्रकाठी नेले. स्कॉटलंड हा पावसाचा प्रदेश. या पहिल्या शिबिरातील मुले तंबूत नव्हे, तर गावच्या एका सभागृहात राहिली. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर जे प्रसिद्ध शिबिर भरविले, त्यात सधन घरची मुले आणि बॉइज ब्रिगेडमधील कष्टकरी घरची मुले एकाच पथकात एकत्र ठेवली. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० पासून हे कार्य करीत आहे.

या इतिहासातून ग्रामीण शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्यात. शिबिरासाठी तंबूच हवा असे नाही, कोरडे छप्पर हवे. आणि पथक पाडताना गरीब-श्रीमंत असा भेद राहू देऊ नये.

स्थळाची निवड

उदाहरणादाखल धुळ्याच्या देवपूर भागातील एखादी शाळा घेऊ. पांझरेच्या उत्तर तीरावरील या वस्तीपासून दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. अंतर सुमारे दहाबारा किलोमीटर. महामार्गावरून मुलांना पायी नेऊ नये. पायथ्यापर्यंत एस.टी.ने जावे आणि चालणे आडवाटेचे ठेवावे. मुक्काम पायथ्याच्या गावातील शाळेत पूर्वपरवानगीने करावा. कुरणात जावयाचे असल्यास वनखात्याची संमती घ्यावी.

स्थळ अभ्यासास समृद्ध आहे. किल्ल्याचा संबंध फारुकी राजवटीशी आहे. माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जवळच्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ३१ जुलै १९३७ रोजी वास्तव्य झाले होते. ते दिवसही पावसाळ्याचेच होते. पावसाळ्यात कुरण हिरवे होते, मोर-लांडोरींचा आवाज ऐकू येतो आणि पहिल्या सरींनंतर तांबडा मखमली मृगकिडा मातीवर दिसू लागतो.

पूर्वतयारी

शिबिराचे यश आठ दिवस आधी ठरते. पालकांची लेखी संमती घ्यावी. सहासात मुलांचे एक पथक करावे आणि प्रत्येक पथकास एक नायक नेमावा. मुली असल्यास शिक्षिका बरोबर असलीच पाहिजे. शिक्षकाने स्वतः एकदा वाट चालून पाहावी. नाले किती, आसरा कोठे, जवळचे आरोग्य केंद्र कोठे, याची नोंद करावी. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येक नायकास पाठ असावा.

पाठीवरील ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. तीस किलो वजनाच्या मुलाने तीन किलोच न्यावेत. हा हिशेब मुलांकडूनच वर्गात करून घ्यावा. काय न्यावयाचे यापेक्षा काय ठेवून जावयाचे हे ठरविणे कठीण असते, आणि तेच शिकण्यासारखे आहे.

एक नियम कसोशीने पाळावा. कपड्यांचा एक जोड आणि पांघरूण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावयाचे व ते रात्रीखेरीज उघडावयाचे नाही. दिवसा भिजलेले मूल रात्री कोरडे झोपले तर सहसा आजारी पडत नाही.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. "रेनकोट आणावा" अशी सूचना फळ्यावर लिहिली की वर्गातील दोनचार मुले दुसऱ्या दिवशी "घरी काम आहे" म्हणून नावे मागे घेतात. काम नसते, रेनकोट नसतो. अशा मुलांच्या घरी घोंगडी असते, गोणपाटाची खोळ असते. ही साधने पाऊस अडवितात आणि थंडीत ऊबही देतात. शिक्षकाने स्वतः घोंगडी पांघरून निघावे, म्हणजे सूचना देण्याची गरजच राहणार नाही.

पहिला दिवस : पाऊस मोजणे

पोहोचताच सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्या जागी, झाडापासून दूर ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे सूत्र सांगून उदाहरण घालावे. पाऊस १२ मिलिमीटर झाला, शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे, तर छपरावर किती पाणी पडले? उत्तर ७२० लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास ४८ हंडे. उन्हाळ्यात टँकरपुढे रांगेत उभे राहिलेल्या मुलास या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. किल्ल्यावरील खोदीव टाकी कशासाठी होती, हे त्याला आपोआप कळते.

दुसरा प्रयोग मातीचा. एकाच उताराच्या दोन जागा घ्याव्यात, एक गवताची व एक उघडी. दोन्हींवर एकेक तांब्या पाणी सावकाश ओतावे. कोठून पाणी लवकर धावते, कोठून गढूळ निघते, हे मुलांनी वहीत लिहावे. येथून पांझरेच्या काठच्या फड पद्धतीकडे वळता येते. नदीवर लहान बंधारे बांधून पाटाने पाणी शेतांना द्यावयाचे, एका फडात एक पीक घ्यावयाचे व पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी सोडावयाचे, अशी ही जुनी व्यवस्था. पडणारे पाणी सर्वांचे, म्हणून वाटणीही सर्वांनी मिळून, हा नागरिकशास्त्राचा पाठ येथे सहज होतो.

रात्र

स्वयंपाक छपराखाली करावा. डाळ-तांदळाची खिचडी आणि घरून आणलेली भाकरी पुरेशी होते. पाणी उकळूनच प्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, परंतु रोगजंतू मरतात असे नाही. पावसात साप कोरडी जागा शोधतात, म्हणून अंथरूण झटकावे, बूट-चपला पाहून घालाव्यात व बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मुलास न हालविता व धीर देत तातडीने रुग्णालयात न्यावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजण्यास मुलांना सांगावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर. हा विज्ञानाचा पाठ छपराखाली बसूनच घ्यावा. बाहेर असताना तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली कदापि थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

दुसरा दिवस : परत फिरण्याचा पाठ

समजा, दुसऱ्या सकाळी किल्ल्यावर जावयाचे ठरले आहे. मुले रात्रभर त्याच आनंदात आहेत. वाटेतील नाल्याशी येताच दिसते की काल घोट्याखाली असलेले निवळ पाणी आज गढूळ झाले आहे व त्यात काटक्या-पाचोळा वाहत आहे. येथे पाऊस थांबलेला आहे. एखादा धीट मुलगा म्हणतो, "गुरुजी, कालच तर येथून चालत गेलो होतो."

शिबिरातील सर्वांत महत्त्वाचा पाठ या क्षणी सुरू होतो. शिक्षकाने मुलांना काठापासून दूर, उंचावर बसवावे. स्वतः पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी व पंधरा मिनिटे थांबावे. काठी पाण्यात गेली म्हणजे वर कोठे तरी पाऊस पडत आहे. साक्रीकडील डोंगरात पाऊस झाला की धुळ्यात ऊन असतानाही पांझरेला पूर येऊ शकतो, हे मुलांना नकाशावर दाखविलेले असते. आता ते डोळ्यांपुढे घडते. नियम एकच : वाहत्या गढूळ पाण्याचा तळ दिसत नसेल, तर ते घोट्याइतके भासले तरी ओलांडावयाचे नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबावे, अथवा परत फिरावे. काठी कोरडी राहिली तरी हा नियम मोडू नये.

मुले हिरमुसतात. काही शिक्षकांना यात आपला कमीपणा वाटतो, आणि नेमक्या याच भावनेपोटी चुकीचा निर्णय घेतला जातो. वस्तुतः उद्या हीच मुले शेतातून, बाजारातून घरी येताना अशाच एखाद्या नाल्याकाठी एकटी उभी राहणार आहेत. त्या वेळी गुरुजी बरोबर नसतील. थांबणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे त्यांनी आज आपल्या शिक्षकाच्या वागण्यात पाहिले, तरच ते त्या दिवशी त्यांना आठवेल.

शिबिरानंतर

परतल्यावर प्रत्येक पथकाने आपली वही वर्गापुढे वाचावी. पावसाचे माप, मातीचा प्रयोग, पाहिलेले पक्षी व गवत यांचा तक्ता करून भिंतीवर लावावा. गेलेली प्रत्येक वस्तू परत आली का, कोणती वस्तू उगाच नेली, याची चर्चा करावी. नाल्याकाठी घेतलेला निर्णयही चर्चेस ठेवावा. त्याची कारणे मुलांच्या तोंडून यावीत.

किल्ला तेथेच आहे. पाणी ओसरल्यावर एखाद्या रविवारी त्याच मुलांना घेऊन शिक्षकाने जरूर जावे. दिलेला शब्द पाळला गेला की पुढच्या वेळी "थांबा" म्हटल्यावर मुले विनातक्रार थांबतात.